लिव्हर रायफल घ्यायच्या आधी चौघींना एकाच बेंचवर आणा

लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खालीवर करून पुढचं काडतूस नळीत भरायची रायफल, तिचा विषय निघाला की लोक लगेच कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर, घसरतात, एक थर्टी-थर्टीवाला, एक फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटीवाला, आणि मग जुंपतेच. मला विचाराल तर कॅलिबर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की दस्ता खांद्यावरून न काढता लिव्हर मारलात तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, टार्गेटवरून किती हलली आणि परत जागेवर यायला किती वेळ लागला. कारण ही रायफल बनलीच मुळी त्यासाठी, पाठोपाठ दुसरा बार काढता यावा म्हणून. तेच जर तुमच्या हाताला बसत नसेल तर सरळ बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने खिट्टी मागेपुढे ओढून भरायची रायफल, घ्या, नेम जास्त चांगला लागेल आणि वर पैसे उरतील.

मी काही मोठा तज्ज्ञ नाही. मूळचा कुडाळकडचा, आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात. लहानपणी बघितलेली एकच बंदूक म्हणजे मामाची, शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची, एकदा बार काढला की दारू ओता, चिंध्या घाला, छर्रे घाला, गज घेऊन ठासत बसा, तोवर रानडुक्कर आपल्या भातातनं निघून शेजाऱ्याच्या भातात. त्यामुळे इथे पहिल्यांदा लिव्हर खालीवर करत सलग सहा बार काढले तेव्हा मला मामाच आठवला, त्याला दाखवायला हवं होतं हे. इथे ह्या रायफली इतक्या घरांत असण्याचं एक कारण कायद्यातही आहे, पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटो रायफल चालत नाही, मग आजोबांची लिव्हरवाली नातवाकडे येते आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या सीझनला दरवर्षी कपाटातनं बाहेर निघते.

कायद्याचं निघालंच आहे तर आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ह्यात अडकलेला माणूस साधा अडकत नाही. एच-वन-बी किंवा तसल्या दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे, व्हॅलिड हंटिंग लायसन असेल तर त्यातून सूट मिळते. आणि रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राने दोन मिनिटं हातात दिलेली बंदूक सुद्धा 'जवळ बाळगणं' ह्यातच येते, तिथे फोटो काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, ते बघा.

आता चौघी कोण ते. विंचेस्टर १८७३, विंचेस्टर १८९४, मार्लिन ३३६ आणि सॅव्हेज ९९. माझी स्वतःची फक्त ३३६. ९४ शेजारच्या म्हातारबुवांची, ९९ क्लबातल्या एकाची, आणि ७३ म्हणजे इटलीच्या उबेर्टीने बनवलेली नवी नक्कल, कारण शंभर वर्षांपूर्वीची खरी ७३ कोणी मला गोळ्या झाडायला देणार नाही आणि मी मागणारही नाही. क्लबात विचारलं तर लोक हौसेने देतात, फक्त काडतुसं तुमची आणि नंतरची साफसफाई पण तुमची. म्हणजे एक पैसा न घालवता तुलना होते. दुकानात काउंटरवर उभं राहून लिव्हर दोनदा खटखट केली तर काही कळत नाही, सगळ्याच भारी वाटतात.

बेंचवर, म्हणजे रेंजवरच्या नेम धरायच्या टेबलाशी, बसायच्या आधीचं थोडक्यात. डोळ्याला चष्मा, कानाला मफ, नळी कायम टार्गेटकडे, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. लिव्हर रायफलीत ह्याशिवाय दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक म्हणजे लिव्हर मारताना बोटं लूपमध्ये, म्हणजे लिव्हरच्या कड्यात, असतात आणि चाप तिथेच शेजारी असतो, तर तर्जनी बाहेर सरळ ठेवायची सवय लावा. दुसरं, घोडा, म्हणजे चाप ओढला की पडणारा मागचा हातोडा. भरलेल्या रायफलीचा घोडा अंगठ्याने हळू खाली सोडून हाफ-कॉकवर, म्हणजे अर्ध्यावरच्या खाचेत, आणायचा असतो, हे घोडा असलेल्या जुन्या रायफलींवरचं हाताने लावायचं एकमेव सेफ्टी, आणि हिवाळ्यात हातमोजे घालून हे करताना अंगठा सटकू शकतो. हे आधी रिकाम्या रायफलीवर आणि नंतर डमी काडतुसांवर, ज्याला इथे स्नॅप कॅप म्हणतात, पन्नास वेळा करा, मग खरी भरा.

भरणं

पहिली परीक्षा इथेच. १८६० ची हेन्री रायफल १६ काडतुसं घ्यायची पण भरायची नळीखालच्या मॅगझिनच्या पुढच्या टोकाकडून, म्हणजे रायफल उभी धरून. मग १८६६ च्या विंचेस्टरला उजव्या बाजूला छोटं झडपेसारखं लोडिंग गेट आलं, आणि तेच ७३, ९४, ३३६ सगळ्यांना आहे. नवखा माणूस काय करतो, काडतूस पूर्ण आत ढकलतो, गेट फटकन बंद होतं आणि अंगठ्याचं नख मध्ये. तिसऱ्या-चौथ्या काडतुसाला नखाच्या कडेला रक्त. युक्ती अशी की काडतूस पूर्ण आत घालायचंच नाही, त्याची मागची कड गेटला अडकून राहील एवढंच ढकलायचं, मग पुढच्या काडतुसाच्या नाकाने त्याला आत लोटायचं, असं एकाने दुसऱ्याला ढकलत जायचं आणि फक्त शेवटचं अंगठ्याने पूर्ण. हे मला म्हातारबुवांनी दाखवलं, बोटाला पट्टी बांधून झाल्यावर.

ह्यात ९४ चं गेट मला सगळ्यात कडक लागलं, ३३६ चं जरा सैल, ७३ चं मऊ. सॅव्हेजला गेटच नाही. तिच्यात वरून, बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसणारी सरकती खिट्टी, उघडून, एकेक काडतूस पितळी चरखीवर दाबायचं, पाच मावतात. आणि डाव्या बाजूला एक इवलीशी खिडकी आहे, तिच्यात आकडा दिसतो, किती उरली त्याचा. १८९९ सालची रायफल आणि ती शिल्लक सांगते. आर्थर सॅव्हेज हा जमैकात किंग्स्टनला जन्मलेला माणूस, कारखाना न्यूयॉर्कमधल्या युटिकाला, आणि डोकं असं की बाकीचे घोडा, गेट आणि नळीखालच्या ट्यूबमध्ये अडकलेले असताना ह्याने तिन्ही काढून टाकले.

ट्यूबवरून महत्त्वाचं. ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या बरोब्बर प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर. टोकदार गोळी घातली आणि रायफलीला धक्का बसला तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून थर्टी-थर्टीची गोळी चपट्या नाकाची असते, आणि चपटं नाक हवेत लवकर दमतं. आता रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या मिळतात त्या ट्यूबमध्ये चालतात, पण खोक्यावर लिव्हर रायफलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. सॅव्हेजच्या चरखीत काडतुसं एकमेकांच्या शेजारी बसतात म्हणून तिला टोकदार गोळी चालते, आणि तेवढ्यासाठीच .२५०-३००० सारखं, सेकंदाला ३००० फुटांची जाहिरात करणारं काडतूस १९१५ मध्ये तिच्यात आलं.

लिव्हर

स्नॅप कॅप भरा, खांद्याला लावा, भिंतीवरच्या एखाद्या खिळ्यावर नेम धरा, आणि दस्ता गालावरून न हलवता लिव्हर मारा. पूर्ण पुढे, पूर्ण मागे, जोरात. हे 'जोरात' महत्त्वाचं आहे. आपण नवीन वस्तू जपून हाताळतो, हळूच लिव्हर उघडतो, अर्ध्यावरून परत आणतो, मग बार झाल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही किंवा नवीन काडतूस वर येत नाही, आणि माणूस म्हणतो रायफल अडकते. रायफल नाही अडकत, तुम्ही अडकता. दार लावल्यासारखी मारायची ती.

७३ इथे सगळ्यांना खाऊन टाकते. तिच्या आत कोपरासारखा दुमडणारा सांधा आहे, काडतूस पितळी ठोकळ्यावर आडवं बसून लिफ्टसारखं सरळ वर येतं आणि बोल्ट त्याला सरळ आत ढकलतो, कुठे तिरकं नाही, कुठे घासत नाही. दोन बोटांनी सुद्धा चालते. काउबॉय स्पर्धांमध्ये घड्याळाशी खेळणारे लोक अजून ७३ का घेतात ते एकदा लिव्हर मारली की कळतं. पण तोच सांधा तिचा कमकुवतपणा. जास्त प्रेशरचं काडतूस तिला सोसत नाही, म्हणून ती .४४-४० सारख्या पिस्तुली ताकदीच्या काडतुसांत अडकली. ह्या .४४-४० मधला पहिला आकडा कॅलिबरचा आणि दुसरा ४० ग्रेन काळ्या दारूचा, ग्रेन म्हणजे दारू आणि गोळी तोलायचं बारीक माप. विंचेस्टरसाठी बंदुका रचणाऱ्या जॉन ब्राउनिंगने मग १८८६ ला उभ्या सरकणाऱ्या दोन खिट्ट्यांचं मजबूत ॲक्शन दिलं, तेच लहान करून १८९२ आलं, आणि मग १८९४.

९४ ची लिव्हर उघडली की नुसती लिव्हर खाली येत नाही, ॲक्शनचा अख्खा तळच तिच्याबरोबर खाली येतो. पहिल्यांदा बघून मला वाटलं काहीतरी तुटलं. सुरुवातीला सैल, मध्ये जरा खडबड, शेवटी बोल्ट घोड्याला मागे दाबतो तिथे जड, असे तीन टप्पे हाताला वेगवेगळे लागतात. आणि लिव्हर पूर्ण मिटून मुठीत दाबलेली नसेल तर चाप हलतच नाही, दस्त्याखाली एक छोटं बटण असतं ते लिव्हरने दाबलं जायला लागतं. मी बेंचवर नेम धरून, श्वास रोखून, चाप ओढतोय ओढतोय आणि काही नाही, मागे म्हातारबुवा हसतायत. मूठ आवळा म्हणाले. ही सेफ्टी आहे, बिघाड नाही, पण दुकानात ९४ हातात घेणाऱ्या निम्म्या लोकांना ती बिघाड वाटत असणार.

३३६ ची लिव्हर ९४ पेक्षा सरळ साधी. गोल बोल्ट, वर बंद रिसीव्हर, म्हणजे ॲक्शनचं लोखंडी घर, पुंगळी उजवीकडून बाहेर. मार्लिनमध्ये एक जुना रोग आहे तो मात्र वापरलेली घेताना बघा, खास करून १८९४ नावाच्या त्यांच्या पिस्तुली काडतुसांच्या मॉडेलमध्ये. लिव्हरचं टोक काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर घासून घासून खाच पाडतं, मग टायमिंग चुकतं, एकाच्या जागी दोन काडतुसं ट्यूबमधून बाहेर यायला बघतात आणि लिव्हर मध्येच दगडासारखी थांबते. ह्याला सगळीकडे 'मार्लिन जॅम' म्हणतात. लिव्हर अर्धी उघडून टॉर्च मारून पट्टीखाली बघायचं, खोल खाच दिसली तर किंमत पाडून मागा किंवा सोडा.

सॅव्हेजची लिव्हर आखूड, घट्ट आणि मशीनसारखी. घोडा बाहेर नाहीच, आत स्ट्रायकर, म्हणजे घोड्याऐवजी स्प्रिंगवरची सुई. दोन दिवस वापरली की आवडायला लागते, पण अंगठ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं, घोडा शोधत बसतो तो.

सिनेमात तो भला मोठा गोल लूप असतो ना, रायफल एका हाताने गरगर फिरवून भरायचा, तो विसरा. नुसता मोठा लूप हातमोज्यांत बरा पडतो, एवढाच उपयोग. फिरवायला जाल तर दात पाडाल.

माशी आणि खाच

जुन्या लिव्हर रायफलींवर मागे बकहॉर्न असतो, म्हणजे शिंगं वर वळलेली खाच, पुढे माशी. पंचविशीत छान दिसतं, चाळिशीनंतर मागची खाच धूसर व्हायला लागते आणि मग माणूस रायफलीला दोष देतो. उपाय म्हणजे पीप साइट, रिसीव्हरवर मागे एक भोक, त्यातून नुसतं बघायचं, भोकाकडे लक्ष द्यायचंच नाही, डोळा आपोआप मधोमध जातो, आणि फक्त माशीवर लक्ष. माझ्या ३३६ वर मी हेच लावलंय आणि त्या दिवसापासून माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, निम्म्यावर आला असं म्हटलं तरी चालेल.

स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण, हवा असेल तर मात्र इथे निवड होऊन जाते. जुनी ९४ पुंगळी वर उडवते, सरळ आकाशात, म्हणजे बरोबर मध्यावर स्कोप बसणारच नाही. १९८० च्या दशकात त्यांनी पुंगळी तिरकी उडवणारी ॲक्शन काढली ती ह्याचसाठी. तोवर मार्लिनवाल्यांनी बंद छपराच्या जोरावर पुष्कळ गिऱ्हाईक नेलं होतं, १९४८ पासून ३३६ स्कोप घेऊन फिरतेय. पण एक लक्षात ठेवा, जुने दस्ते साध्या साइटसाठी खाली झुकवलेले असतात, वर स्कोप बसवला की गाल दस्त्यावरून उठतो आणि हनुवटी टेकवून नेम धरायला लागतो. वर उडणाऱ्या पुंगळीचा फायदा डावखुऱ्यांना, तोंडासमोरून काही जात नाही. तोटा असा की गरम पुंगळी कधीतरी परत खाली येते, आणि कॉलर उघडी असेल तर आत जाते. भरलेली रायफल हातात घेऊन नाचायचं नसतं, हे त्या क्षणी आठवणं फार अवघड आहे. टोपी आणि बंद गळ्याचा शर्ट.

बेंचवर

सुरुवात ५० यार्डांवर करा, १०० वर नाही. ५० यार्ड म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या थोडं वर. आपला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन आला, त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. माझे लिव्हर रायफलीचे पाच बार ५० यार्डांवर चहाच्या बशीत बसले की मी खूश असतो. तुलना करायला नको होती, पण केली.

लिव्हर रायफल बेंचवर लाडावलेली नसते, तिला चार गोष्टी सांभाळायला लागतात. वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली ठेवायची, तीही रिसीव्हरच्या जवळ, नळीला किंवा ट्यूबला टेकवाल तर गोळी वर जाईल. पिशवी एवढी उंच ठेवा की लिव्हर खाली उघडताना टेबलाला आपटणार नाही, विशेषतः ९४ ला, तिचा तळ खाली येतो म्हणून. नळीला लाकूड आणि ट्यूब पट्ट्यांनी बांधलेली असते त्यामुळे नळी तापली की गोळ्या एका रेषेत सरकायला लागतात, तीन बार काढा आणि रायफल उघडी ठेवून चहा प्या. चौथी गोष्ट चाप. लिव्हर रायफलीचा चाप बोल्टवाल्यासारखा काचेच्या कांडीसारखा तुटत नाही, थोडा घसरतो मग सुटतो, आणि घोडा पडायला पण वेळ घेतो, त्यामुळे बार झाल्यावरही क्षणभर माशी धरून ठेवायची.

आता आकडे. थर्टी-थर्टी हे काडतूस १८९५ मध्ये ९४ साठी आलं, अमेरिकेतलं पहिलं बिनधुराच्या दारूचं स्पोर्टिंग काडतूस म्हणून त्याचं नाव घेतात, १५० ग्रेनची गोळी साधारण २३९० फूट सेकंदाला, १७० ची २२०० च्या आसपास. १०० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे तिथे नेमकी लागेल अशी साइट लावली, तर २०० वर गोळी सात-आठ इंच खाली येते. म्हणजे जंगलात दीडशे यार्डांपर्यंत डोकं न चालवता, त्यापुढे हिशोब करून. धक्का बेताचा. ९४ साडेसहा-पावणेसात पौंडांची, ३३६ सात पौंडांची, आणि तो पाव-अर्धा पौंडाचा फरक खांद्याला कळतो, ९४ जरा टोचते. उलट दिवसभर हातात घेऊन चालायचं असेल तर ९४ सारखी रायफल नाही, चपटी, सडपातळ, मधोमध मुठीत मावते आणि तोल पण तिथेच. ३३६ चा गोलसर रिसीव्हर हातात तेवढा बसत नाही. ७० लाखांहून जास्त ९४ उगाच नाही खपल्या.

.३०० सॅव्हेजमधली ९९ बेंचवर सगळ्यांत नेमकी निघाली आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, टोकदार गोळी, ट्यूब नाही, नळीला लोंबकळणारं काही नाही. १५० ग्रेन, सव्वीसशे फुटांच्या वर. २०० यार्डांवर ती अजून ताजीतवानी असते तिथे थर्टी-थर्टी उतरणीला लागलेली. जुनी ९९ घेताना दस्ता रिसीव्हरच्या मागे जिथे सुरू होतो तिथे केसाएवढी भेग आहे का ते नखाने तपासा, तिथे फुटतात त्या.

आणि ७३, .३५७ मॅग्नममधली. आठ पौंड वजन, चोवीस इंची अष्टकोनी नळी, धक्का जवळजवळ नाहीच, नुसती ढकलते. रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२०० फुटांनी जाणारी गोळी एवढ्या लांब नळीतून १७०० च्या वर जाते, आणि त्यातच .३८ स्पेशल घातली तर शेजारच्या बेंचवाल्याला वाटतं टाळी वाजवली. सगळ्यात जास्त हसू हिच्यामुळे आलं. शंभर यार्डांपुढे मात्र तिला नेऊ नका. एक दुखणं, मूळ ढंगाच्या रायफलींना मागे चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असते, ती आपण सवयीने खांद्याच्या खळग्यात लावतो आणि तिची दोन टोकं रुततात. ती खांद्याबाहेर, दंडाच्या वरच्या भागावर लावायची असते, आडवं उभं राहून. हे कळायला मला दोन निळे डाग लागले.

फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटीबद्दल विचारणारच तुम्ही. १८७३ चं अमेरिकन लष्कराचं काडतूस, ७० ग्रेन काळी दारू, ४०५ ग्रेनची गोळी, म्हणजे थर्टी-थर्टीच्या अडीच पट वजन. मार्लिनची आत्ताची १८९५ हिच्यासाठी घेतात लोक. मऊ लोडमध्ये मजा येते, कडक लोडमध्ये पाच बारांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि मग कुठे लागली ते देवाला माहीत. अस्वलाच्या मुलखात राहत नसाल तर गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ह्यात एक धोका आहे, ह्या एकाच नावाची काडतुसं तीन ताकदींची मिळतात, जुन्या ट्रॅपडोअर रायफलीसाठीची मऊ, मजबूत लिव्हर रायफलींसाठीची मधली, आणि सिंगल-शॉटसाठीची भयंकर. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचा. तसंच काळ्या दारूच्या जमान्यातली कुठलीही खरी जुनी रायफल गनस्मिथला दाखवल्याशिवाय आजचं काडतूस घालून चालवू नका.

बेंच झालं की उठून उभे राहा, खरी तुलना तिथे आहे. २५ यार्डांवर कागदी प्लेट, पाच काडतुसं, लिव्हर खांद्यावरच मारत पाच बार, मित्राच्या फोनवर वेळ. क्लबचे नियम भराभर बार काढायला परवानगी देत असतील तरच. मी हे चौघींवर केलं, दोन-दोन फेऱ्या. ७३ पहिली, वादच नाही. दुसरी ३३६. ९४ तिसरी, मला ते तीन टप्पे नडले, म्हातारबुवांनी मात्र त्याच ९४ ने माझ्या ७३ वरच्या वेळेला मागे टाकलं, चाळीस वर्षं तीच एक रायफल वापरणारा माणूस तो. सॅव्हेज शेवटी, नेम सगळ्यात चांगला पण लिव्हर मारताना माझं कोपर बाहेर जात होतं. तुमचा क्रम वेगळा येईल, हाताची लांबी वेगळी म्हणून.

पहिलीच रायफल घेत असाल तर ह्या चारपैकी एकही घेऊ नका खरं तर, .२२ ची लिव्हर घ्या. नवी हेन्री स्वस्त पडते, जुन्या १८६० च्या हेन्रीशी नावापलीकडे नातं नाही पण लिव्हर लोण्यासारखी. किंवा वापरलेली मार्लिन ३९-ए मिळाली तर डोळे झाकून, तिला बाजूला एक मोठा स्क्रू असतो, नाणं लावून फिरवला की रायफल दोन तुकड्यांत. एका दुपारी दोनशे बार काढले तरी खिशाला कळत नाही, आणि लिव्हर मारायची सवय ही दोनशे बारांनीच लागते.

वापरलेली ९४ बघायला गेलात तर १९६४ च्या आधीची आहे का हे सगळे विचारतात. त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवायला पत्रा ठोकून केलेले भाग आणि पोकळ पिना घालायला सुरुवात केली, त्या वाजतात जरा. पण चालायला चालतात, आणि नुसतं चालवायचं असेल तर आधीचीसाठी दुप्पट पैसे टाकायची गरज नाही. नंतरच्या काही वर्षांच्या रिसीव्हरवर निळं पॉलिश नीट धरत नाही, तांबूस ठिपके दिसले तर तेवढ्यावरून घाबरू नका. नळीच्या टोकाची कड मात्र बोट फिरवून बघा, चेपलेली असेल तर ती रायफल कधीच सरळ मारणार नाही. जुन्या ९४ ला नळी पुढून साफ करायला लागते म्हणून गजाने घासून ती कड जाते.

३३६ ला तो त्रास नाही. लिव्हरचा एक स्क्रू काढा, लिव्हर खाली ओढून काढा, बोल्ट मागून बाहेर, आणि नळी मागच्या बाजूने साफ. फक्त बोल्ट काढला की रिसीव्हरच्या आतल्या भिंतीला टेकून बसलेली एक पातळ पट्टी असते, इजेक्टर, ती सुटी असते हे कोणी सांगत नाही. मी पहिल्यांदा हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून साफ करत होतो, रायफल तिरकी केली, टिक् असा आवाज आला, मी म्हटलं असेल काहीतरी. बोल्ट, लिव्हर सगळं जोडलं, स्नॅप कॅप घातली, लिव्हर मारली, पुंगळी बाहेर पडेचना. बायकोने दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम लावला तेव्हा गालिच्यातनं खळ्ळ आवाज आला, ती म्हणाली तुझं काहीतरी गिळलं ह्याने. पिशवी अंगणात वर्तमानपत्रावर उपडी करून तासभर धूळ चाळत होतो. तेव्हापासून खाली पांढरा टॉवेल.